खेप बाईची, उत्तरं सगळ्यांची

डिलिव्हरी वॉर्डात नोकरी करणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ड्यूटी संपवून घरी निघाले की पर्समध्ये रिकामा डबा असतो, एप्रन असतो आणि एखाद-दुसरा किस्सा असतोच. नवे आले की जुने तळाशी जातात, पण टाकून काही देता येत नाहीत. लग्नाकार्यात बहिणी आणि जावा मला मधोमध बसवतात आणि म्हणतात, ताई, एखादा गमतीचा सांग ना. मी सांगते. त्या पोट धरून हसतात. मग त्यातलीच एखादी विचारते, "तुला नाही का गं हसू येत?"

नाही येत. मला राग येतो. इतकी वर्षं झाली, तरी सांगताना कानशिलं तापतात. तुम्ही खुशाल हसा.

आमचं हॉस्पिटल सरकारी आहे. शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यात कुठंतरी. नाव सांगणार नाही, कारण सांगितलं की लोक म्हणतात, असं तिथंच होत असेल.

*

तपासणीचा वार होता. वरवंडच्या पलीकडच्या एका वस्तीवरून रूपाली आली होती. आधीच्या दोन मुली, ही तिसरी खेप. बरोबर सासू, हौसाबाई. माझ्या टेबलासमोर खुर्ची एकच. तिच्यावर हौसाबाई बसल्या आणि पोटुशी सून बाजूला उभी राहिली.

मी रूपालीला विचारलं, चक्कर येते का? हौसाबाई म्हणाल्या, नाही. पाय सुजतात का? त्याही नाहीत. रात्री झोप लागते का? हौसाबाईंनीच सांगितलं, चांगली लागते. रूपाली पदराच्या टोकाशी चाळा करत होती. बाळ फिरतंय का, हे तरी पोट असणारीनं सांगावं म्हणून मी मुद्दाम तिच्याकडं बोट करून विचारलं. तर हौसाबाई म्हणाल्या, "फिरतंय की. लई फिरतंय."

मी बीपीचा पट्टा उचलला आणि सरळ हौसाबाईंच्या दंडाला गुंडाळला.

"हे काय?" त्या दचकल्या.

"उत्तरं सगळी तुमची, मग बीपीपण तुमचंच बघते."

बघितलं, आणि माझीच पंचाईत झाली. त्यांचं बीपी खरोखर वाढलेलं निघालं! डॉक्टरांनी गोळी सुरू केली. त्यानंतर दर तपासणीला हौसाबाई सुनेच्या आधी हात पुढं करायच्या.

रूपालीचं रक्त मात्र फारच कमी होतं. ओठ पांढरेफटक. डॉक्टरांनी आम्हा तिघींसमोर स्पष्ट सांगितलं, ही बाळंत होईल ती इथंच, रक्ताची पिशवी तयार ठेवून. थोडं जरी जास्त रक्त गेलं तरी हिला झेपणार नाही. हौसाबाईंनी मान हलवली आणि आपल्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या का नंतर, ते विचारलं.

*

एक किस्सा ऊसतोडीच्या बाईचा. कारखान्याचा हंगाम चालू झाला की बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं म्हणतात एक कोयता. अशीच एक बाई फडातून आमच्याकडं आली आणि बाळंत झाली. टाके घालून हात धुते न धुते, तोच दारात मुकादम. मला वाटलं, चौकशीला आला, बरा माणूस दिसतोय.

म्हणाला, "सिस्टर, परवा सोडाल ना? माझा एक कोयता बंद पडलाय."

मी त्याला म्हटलं, या आत, तुमच्या कोयत्याला टाके किती आणि कुठं पडलेत ते दाखवते, मग तुम्हीच ठरवा परवा का तेरवा. तो जिना उतरून गेला. मला वाटलं, जिरवली चांगली.

वॉर्डात परत आले, तर ती बाई उठून बसायच्या खटपटीत होती. मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "परवा जमंल ना हो मला?"

मुकादमाची चीड आली होती त्याच्या दुप्पट तेव्हा आली. आणि ती काढायची कुणावर, ते मला अजून कळलेलं नाही.

*

आता म्हशीचा.

रूपालीच्या रक्ताच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या संपायच्या आत तिचा नवरा नवनाथ खिडकीवर हजर. आणखी गोळ्या द्या म्हणाला. आमच्या इथं बायकोच्या गोळ्यांसाठी नवरा स्वतः येणं म्हणजे नवलच. मी बाकीच्या सिस्टरना हाक मारून दाखवला, बघा, असा पाहिजे नवरा.

मग सहज विचारलं, वेळच्या वेळी घेते ना?

"भाकरीत घालून दिल्या की खाती. नुसत्या घेत न्हाई."

"भाकरीत? रूपालीला?"

"रूपाली कशाला? म्हशीला चालू हायेत." अगदी भोळेपणानं सांगत होता. "गाभण हाय. अंगात कस न्हाई तिच्या. आय म्हणली, गोळ्यांनी प्वार काळं हुतं. मग वाया कशाला घालवायच्या?"

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. केसपेपरची रांग मोडून लोक बघायला जमले. माझा राग संपेना. शेवटी नवनाथला वाटलं, मॅडमना म्हशीची नीट कल्पना नाही. म्हणून त्यानं समजावून सांगितलं. मागच्या वेळी ती अडली होती. दिवसभर तो गोठ्यात तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. जेवायलासुद्धा उठला नाही. व्याली, तसा त्यानं स्वतः बाजरी शिजवली, गूळ घातला आणि गरम गरम तिच्यापुढं ठेवली. सांगताना त्याचे डोळे भरून आले होते.

"आणि रूपालीच्या दोन खेपांना कुठं होता?"

"बाहीर," तो म्हणाला. "गडीमाणसाचं काय काम तिथं?"

त्या दिवसापासून गावची आशाताई रोज वस्तीवर जायची आणि रूपाली गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहायची. सलाइनमधून रक्तवाढीचं औषधही दिलं. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

*

शिकलेले लोक शहाणे असतात असं कुणाला वाटत असेल, तर हा छोटासा. कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, बायको आत. पोरगं आता येतं का मग, अशी अवस्था. आणि हा दारातून मला सांगतोय, गुरुजींनी दुपारनंतरचा मुहूर्त काढलाय, तोपर्यंत जरा थांबवून ठेवा. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला.

"सांगितलं असतं त्याला," मी म्हटलं, "पण ते आत्ताच बाहेर पडलं."

*

पेढ्यांचा तर दर महिन्याला एक होतो. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर जिलेबी, हे आपल्याकडं कुणी ठरवलं कोण जाणे. फोनवरसुद्धा कुणी विचारत नाही की बाई कशी आहे. पहिला प्रश्न, पेढे का जिलेबी?

यवतकडचे एक मामा सुनेच्या आधी पेढ्यांचे बॉक्स घेऊन आले होते. कुणा जाणत्यानं पोट बघून मुलगा सांगितला होता म्हणे. गाडीच्या डिकीत बॉक्सच बॉक्स. मुलगी झाली. मामांनी बाळाकडं पाहिलंसुद्धा नाही, तडक गाडी काढली. सगळ्यांना वाटलं, रागानं गेले. संध्याकाळी परत आले, बॉक्स तसेच. दुकानात पेढे देऊन जिलेबी घ्यायला गेले होते, आणि दुकानदार बदलून देत नव्हता. मामा माझ्याकडंच त्याची तक्रार करायला लागले.

मी म्हटलं, "बरोबर आहे त्याचं. बदलून आम्हीपण देत नाही."

मामा हसले. त्यांना वाटलं, सिस्टर गमत्या आहेत. ते पेढे मग आख्ख्या मजल्यावर वाटले गेले. आलेल्या पाहुण्यांनी खाल्ले, वॉचमननं खाल्ले. सून सकाळपासून उपाशी होती. तिनं मला विचारलं, "सिस्टर, मला हाय का कायतरी खायला?"

*

आता जरा आमच्यातलाही सांगते, नाहीतर म्हणाल, सगळे दोष लोकांचेच.

आमच्या एक मोठ्या सिस्टर होत्या. हाताला गुण फार. पण कळा देताना बाई ओरडली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "तवा बरं गोड लागलं! आता कशाला बोंबलती?" नव्या पोरी नर्सिंग शिकून यायच्या, त्या आधी दचकायच्या आणि मग हसायच्या. मी दोनदा भांडले. उपयोग शून्य. त्या म्हणायच्या, असं दरडावलं की बाया जोर चांगला लावतात.

त्यांची स्वतःची मुलगी बाळंतपणाला आमच्याकडंच आली. त्या दिवशी मोठ्या सिस्टर नुसत्या आई होत्या, लेकीच्या उशाशी उभ्या. लेकीनं अशी किंकाळी फोडली की आम्ही सगळ्या जागच्या जागी थांबलो. फरशी पुसणाऱ्या मावशी कोपऱ्यात होत्या. त्यांनी मान वरही केली नाही. इतकी वर्षं ऐकून तोंडात बसलेलं वाक्य, सवयीनं बोलून गेल्या.

"तवा बरं गोड लागलं."

*

रूपाली आली ती भर दुपारी. पाटसच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, तरी जीप कशीबशी वेळेत पोचली. रक्ताची पिशवी आम्ही मागवून ठेवली होती. डॉक्टर तयार होते. बाईचे ओठ अजून पांढरेच होते आणि मला मनातून भीती वाटत होती.

हल्ली बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ घरचं एक माणूस थांबू देतात. हौसाबाई पदर खोचून आत यायलाच लागल्या. मी दारात आडवी उभी राहिले आणि रूपालीला विचारलं, "तुला कोण पाहिजे जवळ?"

"मीच की," हौसाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला नाही विचारलं."

रूपालीनं एक कळ दातांखाली दाबली. इतक्या महिन्यांत तिचा आवाज मी धड ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"त्यांना बोलवा," ती म्हणाली. "म्हशीपाशी बसत्यात की. एकदा माझ्यापाशी बसू द्या."

हौसाबाईंनी गडीमाणूस, लाज, अब्रू, सगळं काढलं. मी डॉक्टरांकडं पाहिलं. खोलीत त्या वेळी बाळंत होणारी दुसरी बाई नव्हती. डॉक्टर म्हणाले, घ्या त्याला आत.

नवनाथ आला तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मी स्टूल ओढून रूपालीच्या उशाशी ठेवलं आणि त्याला त्यावर बसवलं. तिनं त्याचं मनगट धरलं. पुढची प्रत्येक कळ त्यानं त्या मनगटावर मोजली असेल. नखं रुतून रक्त निघालं, तरी त्यानं हात काढून घेतला नाही.

बाळ आलं. रडलं. एका सिस्टरनं त्याला पुसायला नेलं, आणि इकडं ज्याची भीती होती तेच सुरू झालं. रक्त थांबेना. मी पोटावर हात दाबून चोळायला लागले, इंजेक्शन गेलं, पिशवी चढली. डॉक्टर भराभर सांगत होते, आम्ही करत होतो. रूपालीचे डोळे मिटायला लागले. नवनाथला बाहेर जा म्हणायलाही कुणाला सवड नव्हती. तो तिच्या कपाळावर हात ठेवून एकच बोलत होता, "रूपे, डोळं उघड. रूपे, माझ्याकडं बघ."

हळूहळू माझ्या हाताखाली पोट घट्ट लागलं. रक्त कमी झालं. मग थांबलं. रूपालीनं डोळे उघडले. डॉक्टर भिंतीला टेकले, आणि मी पोटावरचा हात काढला.

नवनाथच्या खिशातला फोन वाजला. त्याचा भाऊ होता, मिठाईच्या दुकानातून. आवाज एवढा मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"झालं का रं? काय घ्यू, पेढं का जिलबी?"

नवनाथनं बाळाकडं पाहिलं. ते कपड्यात गुंडाळलेलं होतं. काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

"ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आधी हिला खायला आण कायतरी. गरम."