बढाई म्हणून सोडलेलं वाक्य

आमच्या तळोज्याच्या केमिकल कंपनीत मोबाइल गेटवरच ठेवून आत जावं लागतं. मी तिथे सेफ्टी ऑफिसर, म्हणजे हा नियम इतरांना ऐकवणारी मीच. त्यामुळे नफिसा गेल्याची बातमी अर्धा दिवस गेटवरच्या खणात पडून राहिली. जेवणाच्या सुट्टीत फोन घेतला, तर तिच्या नवऱ्याचा, सलीमभाईंचा मेसेज... झोपेतच हार्ट अटॅक. खारघरला पोहोचले तोवर तिला कबरस्तानात नेलं होतं. आता काही आठवडे उलटले, तरी माझा राग उतरलेला नाही. जन्मभर बडबड करणाऱ्या बाईने एवढं गुपचूप जावं?

नफिसा मूळची श्रीवर्धनकडची, कॉलेजात माझ्याच बाकावरची. पुढे ती तरुण मुलांमधल्या हिंसेवर संशोधन करू लागली. मारामाऱ्या पेटतात कशा, आणि पेटायच्या आधी थांबवता येतात का, एवढाच तिचा ध्यास. एका संस्थेच्या मदतीने ती दरवर्षी कॉलेजची काही मुलं इंटर्न म्हणून घ्यायची आणि आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्येच त्यांना तयार करायची. कमी विचारा, जास्त ऐका. बोललेलं बाहेर जाणार नाही असा शब्द द्या, मात्र कुणाच्या जिवाला धोका वाटला तर त्याच दिवशी मला सांगा. आणि एक तिचा लाडका धडा होता. "ही पोरं दिवसभर 'तोडतो', 'संपवतो' करत असतात. बढाई असते ती. तुम्ही दचकलात ना, की ती परत तोंड उघडणार नाहीत." इंटर्न हसायचे. मीही हसायचे, कारण आमच्या सोसायटीतली पोरं क्रिकेट खेळतानासुद्धा हेच बोलतात.

ऋतुजा तिची सगळ्यात गुणी इंटर्न. गणपतीच्या आगमनात झालेल्या ढकलाढकलीवरून सानपाड्याचा एक मुलगा मुलाखतीत तिला म्हणाला, "ओंकारला विसर्जनाला सोडत नाय मी." ऋतुजा दचकली नाही. शिकवलं होतं तशीच शांत बसली आणि पुढचा प्रश्न विचारला. विसर्जनाच्या गर्दीत त्या मुलाने ओंकारला भोसकलं, तो जागीच गेला. ओंकारचे वडील मार्केटात माथाडी, साताऱ्याकडचे. आई मंगलबाई. एकुलता एक मुलगा.

ऋतुजा रडून रडून आजारी पडली. नफिसाने तिला जवळ बसवून सांगितलं, "तू धडा चुकली नाहीस. धडाच चुकला होता, आणि तो माझा होता." संस्थेचं म्हणणं होतं की गप्प राहावं, उगाच नाव खराब होईल. नफिसा आधी पोलिसांकडे गेली आणि मग मंगलबाईंच्या दारात. मी सोबत होते. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिने सगळं सांगितलं, काहीही मऊ न करता. मंगलबाई ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "म्हंजे तुमास्नी ठावं व्हतं."

"हो," नफिसा म्हणाली.

दार बंद झालं.

संस्थेने मदत काढून घेतली. सगळ्यांना वाटलं, आता हे बंद पडणार. नफिसाने स्वतःच्या बळावर दोन-चार इंटर्न घेऊन पुन्हा सुरुवात केली, पण उलट्या टोकाने. आमच्या प्लांटमध्ये कुणाला नुसता वास आला तरी कळवावं लागतं. गॅस आहे की भास, ते त्याने ठरवायचं नसतं. हे माझ्याकडून ऐकलेलं ती आता इंटर्नना सांगू लागली. "बढाई आहे की नाही, ते तुम्ही ठरवायचं नाही." मुलांनाही मुलाखतीआधीच स्पष्ट सांगितलं जाई, की कुणाला मारायची भाषा केली तर ती पुढे कळवली जाईल. ती मग जपून बोलत, काही तर उठून जात. संशोधन लंगडं पडत चाललं होतं. "पडू दे गं," ती म्हणायची. त्याने कुणाचा जीव वाचला का, हे तिला कधी कळलं नाही... जे घडलंच नाही, ते दाखवणार कसं? मला विचाराल तर ओंकारचं मरण तिला आतून खात गेलं. डॉक्टर काहीही म्हणोत.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये आम्ही बायका बसलो होतो. ऋतुजाही होती. घरात चूल पेटवली नव्हती, शेजारचे डबे येत होते. दार उघडंच होतं. मंगलबाई आत आल्या, हातात फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी. त्यांच्याकडे दुःखाच्या घरी असा कडू घास नेतात, आपल्या हाताने भरवतात. त्यांनी चौफेर पाहिलं आणि विचारलं, "त्या पोराचं बोलणं ऐकलेली पोरगी कोन?"

नफिसाने ऋतुजाचं नाव मंगलबाईंना कधीच सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगणार नव्हते. ऋतुजा स्वतःच उठून उभी राहिली. "मी, काकू."

मंगलबाई तिच्यासमोर बसल्या, तिलाही हाताला धरून खाली बसवलं, भाकरीचा तुकडा मोडला.

"म्या माफ केल्यालं न्हाई," त्या म्हणाल्या. "तिला न्हाई, तुला बी न्हाई. आ कर."