पुढची सीट

धुळ्यात देवपूरच्या पलीकडे, जिथे पालिकेचा नळ संपतो आणि टँकरची वाट बघणं सुरू होतं, तिथे सुखशांती कॉलनी आहे. प्लॉट चौतीस, मोटारी तेहतीस. या मोटारी सहसा हलत नाहीत. त्यांच्या अंगावर बारा महिने कव्हर असतं, रविवारी त्यांना आंघोळ घातली जाते, दसऱ्याला गळ्यात हार पडतो, आणि मालक भाजी आणायला स्कूटरवर जातो. मोटार ही चालवण्याची वस्तू आहे अशी या कॉलनीत कोणाची समजूत नाही.

चौतिसावा प्लॉट रतिलालभाऊंचा. घर बांधताना त्यांनीही पोर्च काढला होता, कारण पोर्चशिवाय नकाशा करायला इंजिनियरच तयार नव्हता. त्या पोर्चमध्ये तुळस, वाळत घातलेले पापड आणि एक मोडकी सायकल सुखाने नांदत. कॉलनीला भाऊंची फार कीव यायची. मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण निघालं की सेक्रेटरी न चुकता म्हणायचे, रतिलालभाऊंना बरं आहे, त्यांना हा त्रासच नाही.

भाऊ शिरपूरला एका कचेरीत वरिष्ठ लिपिक. रोज पन्नास किलोमीटर जायचं आणि पन्नास यायचं. याला इकडे अपडाऊन म्हणतात. अकरा वर्षं ते पुना ड्रायव्हरच्या सात सीटच्या भाड्याच्या गाडीने अपडाऊन करत होते. सकाळी आठ वीसला डबा घेऊन फाट्यावर उभं राहायचं, गाडी आली की आपल्या जागेवर बसायचं. महत्त्वाचा शब्द आहे तो 'आपल्या'.

कारण पुनाच्या गाडीत कोण कुठे बसतो हे ठरलेलं असतं. नवा माणूस मागच्या बाकावर, जिथे गुडघे हनुवटीला लागतात. मग काही वर्षांनी मधल्या रांगेत मधोमध, दोन्ही बाजूंनी दाबून. मग खिडकी. आणि सगळ्यांच्या वर, ड्रायव्हरच्या शेजारी, पुढची सीट. ती वयावर मिळत नाही, पगारावर मिळत नाही. गाडीत जो सर्वांत जुना, तिच्यावर त्याचा हक्क, आणि तो रिटायर झाला की मग पुढच्याचा नंबर. रूपा मॅडम शाळेत मुख्याध्यापिका आहेत, शाळेत त्यांच्या खुर्चीला कोणी हात लावत नाही. पण गाडीत त्यांची वर्षं फक्त चार, म्हणून त्या मुकाट मधोमध बसतात.

मागच्या जून महिन्यात झुलालनाना रिटायर झाले आणि अकरा वर्षांची तपश्चर्या फळाला येऊन रतिलालभाऊ पुढे बसले. ही गोष्ट हसण्यावारी नेणाऱ्याने भाऊंचं बाकीचं आयुष्य बघावं. घरात रत्नावहिनींच्या शब्दापुढे शब्द नाही. भाजी कोणती, पडदे कोणते, भाऊंनी शर्ट कोणता घालायचा, सगळं तिकडून ठरतं. कचेरीत त्यांच्या वर चार साहेब आणि खाली एक शिपाई, तोही साहेबांचा भाचा. पण पुनाच्या गाडीत चहा वाटेतल्या सोनगीरला कोणत्या टपरीवर घ्यायचा हे भाऊ सांगायचे. एसी लावायचा की काच उघडायची, बातम्या की जुनी गाणी, हेही भाऊच. 'पुना, जरा हळू' असं ते म्हणायचे आणि गाडी खरोखर हळू व्हायची. अख्ख्या धुळे जिल्ह्यात त्यांच्या शब्दाने हळू होणारी ती एकच गोष्ट होती.

गाडीचा आणखी एक नियम होता. सलग आठ दिवस जो जागेवर बसला नाही, त्याची जागा गेली. आजारपण सोडून कोणतीही सबब चालणार नाही. एकदा कोणी ट्रेनिंगला गेला आणि पंधरा दिवसांनी येऊन खिडकी मागू लागला, तेव्हा हा नियम झाला. तो व्हावा म्हणून सर्वांत जास्त भांडले होते रतिलालभाऊ, कारण ती खिडकी त्यांना मिळणार होती.

असं सगळं बरं चाललेलं असताना मुलगा लग्नाचा झाला. भूपेंद्र पुण्याला नोकरीला. स्थळ सांगून आलं नरडाण्याचं. मुलगी भूमिका, शिकलेली, दिसायला चांगली. तिचे वडील रुपचंदभाऊ यांचं शिरपूरला शेतीच्या औजारांचं मोठं दुकान आणि राहतं घर नरडाण्याला, शिरपूरच्याच वाटेवर, थेट हायवेला लागून. ते चार माणसं घेऊन घर पाहायला आले. शेव, चिवडा, चहा झाला. भिंती पाहिल्या, गच्ची पाहिली, पाण्याची टाकीसुद्धा वाकून पाहिली. जाताना पोर्चमध्ये थांबून त्यांनी पापडांकडे बघत सहज विचारलं, "गाडी बाहेर गयी का?"

रत्नावहिनींनी डोळ्याची पापणी हलू दिली नाही. "सर्व्हिसिंगले टाकेल शे," त्या म्हणाल्या.

झालं. जी गाडी नव्हतीच ती सर्व्हिसिंगला गेली होती, म्हणजे ती परत येणं भाग होतं. मायलेकांनी फोनवर ठरवलं, आणि पाचव्या दिवशी जळगावच्या कोण्या डॉक्टरांनी वापरलेली एक पांढरी मोटार पोर्चमध्ये येऊन उभी राहिली. सायकल भंगारात गेली, पापड गच्चीवर गेले. संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः पेढा खायला आले आणि म्हणाले, आता कॉलनी पूर्ण झाली. नंबरप्लेट जळगावची आहे एवढी एकच खोट त्यांनी काढली.

भाऊंना वाटलं होतं, मोटार आली, कव्हर घालू, विषय संपला. पण वहिनींचा हिशेब वेगळा होता. साखरपुडा महिन्यावर आलेला. रुपचंदभाऊ सकाळी घरासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात, सगळा हायवे त्यांच्या डोळ्यांखालून जातो. दाराशी मोटार असलेला वरबाप भाड्याच्या गाडीत डबा घेऊन बसलेला त्यांना दिसला तर? साखरपुडा होईपर्यंत स्थळ म्हणजे कच्चं मडकं. तेव्हा भाऊंनी उद्यापासून स्वतःची मोटार चालवत जायचं आणि नरडाण्याला हॉर्न वाजवायचा, असा हुकूम सुटला. गाडीतल्या मंडळींना यातलं काही सांगायचं नाही, हेही वहिनींनी बजावलं. साखरपुड्याआधी स्थळाचं नाव फोडलं की भांजी मारायला माणसं टपलेलीच असतात.

भाऊंकडे लायसन होतं. ते एकदा चालवून गेलेसुद्धा. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, मान न वळवता, ट्रकच्या मागे मागे. धुळ्याबाहेरच्या नगावबारीपासून शिरपूरपर्यंत बोलायला कोणी नाही. सोनगीरला चहासाठी थांबावं तर गाडी लावायला जमेना, म्हणून चहाही नाही. त्याच सोनगीरजवळ पुनाची गाडी त्यांना ओलांडून गेली. पुढच्या सीटवर भटू सर बसले होते. भाऊंच्या खालोखाल नंबर त्यांचा. त्यांनी काच खाली करून भाऊंना हात दाखवला, आणि त्या हातात चहाचा कागदी कप होता. महिनाभर असं गेलं तर नोकरी राहील, मुलाचं लग्न होईल, पण सीट जाईल, हे त्यांना लख्ख कळलं.

मग त्यांनी डोकं चालवलं. रोज सकाळी कॉलनीच्या देखत मोटार बाहेर काढायची, नगावबारीच्या पेट्रोल पंपामागे ती उभी करायची आणि तिथून पुनाच्या गाडीत पुढे बसायचं. उरला प्रश्न नरडाण्याचा. त्यावरही उपाय निघाला. नरडाणा जवळ आलं की भाऊंच्या हातून काहीतरी खाली पडायचं. कधी पेन, कधी चष्म्याचं घर, कधी नुसतीच चप्पल. ते शोधायला भाऊ सीटखाली वाकायचे आणि रुपचंदभाऊंचं घर मागे पडलं की वर यायचे. भटू सरांनी आठ-दहा दिवस हे पाहिलं आणि रूपा मॅडमना म्हणाले, भाऊंचं आता वय झालं, हातातून वस्तू सुटतात, त्यांनी लवकर रिटायर झालेलं बरं. मॅडमनी मान हलवली. भटू सर पुढे गेले की त्यांची खिडकी मॅडमना मिळणार होती, म्हणून भाऊंच्या प्रकृतीची त्यांनाही काळजी वाटू लागली.

साखरपुडा पाच दिवसांवर आला. त्या सकाळी नरडाणा आलं, भाऊंनी शिस्तीत रुमाल खाली टाकला आणि वाकले. पण गाडी पुढे जायच्या ऐवजी थांबली. पुना मागे वळून म्हणाला की आजपासून एक नवीन सीट वाढली, कालच फोन आला होता. भाऊ सीटखाली रुमालावर हात ठेवून तसेच राहिले. देवाला नवस बोलायचा तर कोणत्या, तेही त्यांना आठवेना.

पुढच्या काचेवर टकटक झाली. नंतर ओळखीचा आवाज आला. "काय पाव्हणा, खाले काही पडनं का?"

रतिलालभाऊ वर आले. समोर रुपचंदभाऊ, एका डोळ्यावर हिरवं फडकं आणि वर काळा चष्मा. भाऊंच्या तोंडून आपसूक निघालं, गाडी सर्व्हिसिंगले टाकेल शे. एवढ्या मोठ्या संकटातही माणसाला घरातलंच वाक्य सापडतं. मोडलं आता स्थळ, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळ्यांपुढे रत्नावहिनी उभ्या राहिल्या.

पण रुपचंदभाऊच भाऊंपेक्षा जास्त ओशाळले होते. त्यांनी खिडकीत वाकून आवाज खाली आणला. "डोयानं ऑपरेशन व्हयनं. डॉक्टरनी दोन महिने गाडी चालाडानं बंद करेल शे. साखरपुडा व्हस तोपावत मी तुमले हाई सांगनार नव्हतू."

म्हणजे वरबाप सीटखाली लपत होता आणि वधूपिता घरात. भाऊंच्या जिवात जीव आला. इतका आला, की तो जरा जास्तच झाला. आनंदाच्या भरात ते दार उघडून खाली उतरले आणि पुढच्या सीटकडे हात करून म्हणाले, "तुम्हीन पुढे बठा, भाऊ."

आता हे वाक्य इकडे कोण कशासाठी म्हणतो, ते लहान पोरालाही माहीत आहे. पाहुण्याला जागा द्यायची असते ती त्याने नाकारावी म्हणून. तो म्हणणार, नाही नाही, तुम्ही मुलाकडचे, तुमचा मान. आपण म्हणायचं, छे, तुम्ही वडीलधारे. असं तीनदा झालं की आपण आपल्या जागेवर बसायला मोकळे, आणि दोघांचाही मान राहिला. भाऊंनी दुसऱ्या आग्रहाचे शब्दही जुळवून ठेवले होते. पण रुपचंदभाऊ व्यापारी माणूस. समोरून माल आला तर ते दुसऱ्यांदा भाव विचारत नाहीत. ते 'बरं' म्हणाले, बसले आणि त्यांनी पट्टा लावला.

भाऊ क्षणभर रस्त्यावर उघड्या दाराशी उभे राहिले. मग मागच्या बाकावर गेले, कारण रिकामी जागा तेवढीच होती. कित्येक वर्षांनी त्यांचे गुडघे पुन्हा हनुवटीला लागले. व्याह्याला उठ म्हणायचं कसं? साखरपुड्याआधी तर नाहीच, आणि साखरपुड्यानंतर त्याहून नाही. मुलीच्या बापाला गाडीतून उठवलं ही गोष्ट शिरपूरच्या आधी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पिंपळनेरला पोचली असती.

साखरपुडा झोकात झाला. मग नवव्या दिवशी नव्हे तर बरोबर आठव्याच दिवशी, म्हणजे साखरपुड्यानंतर तिसऱ्या सकाळी, भटू सरांनी सगळ्यांदेखत नियमाची आठवण करून दिली आणि नियम कोणी आणला होता त्याचीही. भाऊंचा हक्क गेला, पण पाहुण्याला उठवायला भटू सरही धजले नाहीत; दोन महिन्यांनी व्याही उतरले की नंबर आपला, असा त्यांचा हिशेब होता. पुढे लग्नही थाटात लागलं. भूमिका गुणी निघाली, रत्नावहिनी खूश, पोर्चमधल्या मोटारीला नवं कव्हर आलं आणि पेट्रोल पंपामागे जाण्याची तिची पायपीट थांबली. सुखशांती कॉलनीत भाऊंचा शब्द आता विचारात घेतला जातो, निदान पार्किंगपुरता.

आणि रुपचंदभाऊ? दोन महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मोकळीक दिली. त्या सकाळी रतिलालभाऊ नरडाणा येईपर्यंत श्वास रोखून बसले होते. पण व्याही नेहमीच्या जागी उभे होते, हातात शेंगदाण्याची पुडी घेऊन. घरच्या गाडीत एकट्याला करमत नाही, म्हणाले. इथे चार माणसं आहेत, गप्पा आहेत. पुढे बसून त्यांनी पुनाला एसी बंद करायला सांगितला, गाणी बंद करून बाजारभाव लावायला सांगितला, आणि संध्याकाळचा चहा सोनगीरऐवजी नरडाण्यालाच घ्यायचा हेही जाहीर केलं. पुना 'हो भाऊ' म्हणाला. मग व्याह्यांनी मागे वळून मायेने विचारलं, की मागे बरं आहे ना. भाऊ म्हणाले, "बठ्ठं बरं शे."

सगळं सोडाच, बरं काहीच नव्हतं. मुलाचं भलं झालं याचा आनंद खरा होता, आणि त्या सीटसाठी जीव तुटत होता तोही खराच होता. भाऊंच्या रिटायरमेंटला तीन वर्षं उरली होती, भटू सरांच्या सहा. भटू सर बराच वेळ पुढच्या सीटवरच्या त्या रुंद पाठीकडे बघत राहिले. मग हळूच मागे झुकून भाऊंच्या कानाशी आले.

"रतिलालभाऊ," त्यांनी विचारलं, "दुकानदार मानूस रिटायर कव्हय व्हस?"