कालव्यावरून दिसलेली मेर

खाणी बंद पडल्या आणि डिचोलीच्या रस्त्यावरची ट्रकांची लाल रांग नाहीशी झाली, त्याच वर्षी डॉक्टरांनी मला साखर आहे असं सांगितलं. दोन्ही बातम्यांवर माझा विश्वास बसला नाही. खाणी आठ दिवसांत चालू होतील असं मी सगळ्यांना सांगत सुटलो, आणि रक्त दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासून घेतलं. आकडा आधीच्यापेक्षा थोडा वरच निघाला.

माझा स्वभावच तसा. उभी नोकरी मी खाणीच्या वजनकाट्यावर काढली. वजन वाढवायला ड्रायव्हर भरलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये चार-चार माणसं दडवून आणायचे, सीटखाली दगड ठेवायचे. मी आधी खाली वाकून बघायचो, मग वर चढून बघायचो आणि मगच सही करायचो. घरी आलो तरी ते डोळे काही मिटत नसत. बायको म्हणायची, "देवाक ठेवचो नारळ पण तुमी हलवन बघतास." नारळ सगळेच हलवून बघतात. मी दोनदा हलवतो, एवढंच.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण गुडघे ऐकेनात. मुलीनं जाड टायरांची, गिअरवाली सायकल आणून दिली. ट्रक गेले होते, पण त्यांची धास्ती अंगातून गेली नव्हती, त्यामुळे रस्त्यावर जायची माझी छाती होईना. मग मला कालव्याची वाट सापडली. तिळारी धरणाचं पाणी आणणाऱ्या कालव्याच्या काठानं खडी-मुरमाची वाट जाते. एका अंगाला संथ पाणी, दुसऱ्या अंगाला काजूचं रान आणि टायरांखाली खडीची करकर. तासभरात एक मोटार दिसत नाही. सुरुवातीला मला याचाही संशय आला. इतकी चांगली वाट आणि कोणीच कसं येत नाही? पुढे काही खचलं असणार, असं म्हणत मी प्रत्येक वळणावर ब्रेक दाबायचो. खचलेलं काही नव्हतं. लोकांना सवड नव्हती, इतकंच.

एका रविवारी मी नदीपर्यंत गेलो. पुलाजवळच्या हॉटेलात पातळ भाजी आणि उंडा पाव खाताना हॉटेलवाल्यानं सांगितलं, की पूल ओलांडून थोडं गेलं की पेडण्याच्या बाजूचा दुसरा कालवा लागतो, त्याच्या काठानंही अशीच वाट आहे. ती कुठल्या गावामागून जाते हे त्यानं सांगितलं आणि माझा घास हातातच राहिला. ते माझं गाव. कालवा आमच्या काजूच्या बागेच्या मागून जातो हे ऐकून होतो, पण तो झाल्यापासून मी तिकडे फिरकलोच नव्हतो.

न फिरकण्याचं कारण माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर आम्ही बाग वाटून घेतली. घराकडून रानात जाताना डावा भाग माझा, उजवा दादाचा. आमच्याकडे अशी वाटणी नुसती कागदावर होत नाही. मेरेवर, म्हणजे दोन जमिनींच्या हद्दीवर, दगड पुरतात आणि गावच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालतात. त्यानंतर तो दगड हलवायची कोणाची हिंमत होत नाही. दादानं नारळ हातात घेतला तेवढ्यात मी म्हणालो, टेप परत एकदा ओढूया. टेप परत ओढली. माप तेच आलं. दादानं गाऱ्हाणं पुरं केलं, माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि त्यानंतर बारा वर्षं माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मीही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला राग नव्हता, लाज होती. पण लाज फार दिवस ठेवली की ती रागासारखीच दिसायला लागते.

"आता पेडण्यात भाव भावाक इचारणा नाय," हॉटेलवाला चहा ओतत म्हणाला. "सकाळी सही, सांजेक कुपण. दिल्लीवाले जमनी बघीत फिरतत."

एवढं पुरे झालं. पुढच्या रविवारी मी पूल ओलांडला. वाटेत काजू वेचणाऱ्या दोन बायकांनी माझं हेल्मेट बघून विचारलं, "सर्वेचो मनीस काय रे तू? कोणाची जमीन विकली?" मी नाही म्हणालो. त्यांना पटलं नाही. त्या टोपल्या खाली ठेवून मी दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मला बरं वाटलं, माझ्यासारखी माणसं आणखीही आहेत म्हणून.

बाग ओळखू आली ती मेरेवरच्या एकुलत्या माटीच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडामुळे. कालव्याची वाट तिथे उंचावरून जाते आणि बागेच्या बाजूला पुरुषभर उंचीची भिंत आहे. उतरायला सोपी जागा एकच, माटीच्या झाडापाशी. दोन रविवार मी सायकल आडवी ठेवून वरूनच बघून परत फिरलो; तिसऱ्या रविवारी बघतो तर मेर बदललेली. मेरेचा शेवटचा दगड माटीच्या बुंध्याशी असायचा. तो आता पाच-सहा पावलं डावीकडे होता. भोवतीची माती उकरलेली, ताजी. डावीकडे, म्हणजे माझ्या भागात.

त्यानंतर चार रविवार मी तिथे जाऊन उभा राहिलो. दर खेपेला काहीतरी नवीन दिसायचं. एकदा उतारावरचं रान साफ केलेलं होतं. एकदा चांगली वहिवाटीसारखी वाट पडलेली होती. ती दिल्लीवाल्यांना जमीन दाखवायलाच पाडली असणार, हे मी ठरवून टाकलं. चौथ्या खेपेला दगडापुढे फोडलेला नारळ, जास्वंदीचं फूल आणि विडीचं बंडल दिसलं. तो राखणदाराचा मान. तिथे माझी खात्रीच पटली. दगड हलवलाय आणि आता राखणदाराची माफी मागतोय! काट्यावर रंगेहाथ पकडलेला ड्रायव्हर असाच पटकन विडी पुढे करायचा.

घरी येऊन मी जमिनीच्या नोंदीचा, एक-चौदाचा उतारा काढला आणि मोजणीसाठी अर्ज दिला. बायको म्हणाली, "आदी जावन इचारा तरी." मी म्हणालो, विचारलं तर पुरावा हलवतील.

मोजणीच्या दिवशी मी बसनं, रीतसर पुढच्या दारानं गेलो. सर्व्हेअर आणि त्याची दोन माणसं आली होती. दादा अंगणात उभा होता, पार पांढरा झालेला, हातात कोयता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. वहिनीनं सर्वांना पाणी दिलं, मलाही दिलं. आम्ही घराकडून बागेत शिरलो, तसा डावा भाग माझ्या डाव्या हाताला आला आणि माझ्या मनात काहीतरी चुकचुकलं. माटीच्या झाडापाशी पोचलो तेव्हा मी जागीच थांबलो. कालव्याची भिंत आता समोर होती. आणि दगड माटीच्या उजवीकडे होता.

जन्मभर मी ती बाग घराकडून बघितली होती. कालव्यावरून मी ती उलट्या अंगानं बघत होतो, आणि चार रविवार तिथे उभं राहून ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. संशयाच्या भरात मला डावं-उजवं कळलं नाही.

सर्व्हेअरनं नकाशा पसरला, टेप ओढली आणि चष्मा वर करून विचारलं, "दगड हललाय हे बरोबर आहे. पण तक्रार कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"अहो, जागा तुमची वाढलीय. कमी यांची झालीय."

वहिनी पुढे आली. "आयतवारी कालव्यार सायकल घेवन उभो रवतस, ता आमका दिसना नाय? तुझ्या भागात उतराक जागा नाय. खयतरी उडी मारीत आणि पाय मोडून घेयत, म्हणान ह्येणी दगड सरकवलो. रान मारला, वाट केली. नारळ ठेवन गाराणा घातला, धाकट्याक वाट होई म्हणान."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी अर्ज मागे घेतो म्हणालो. पण मोजणी झाली होती. कागदाप्रमाणे दगड जागेवर बसवावा लागेल, सर्व्हेअर म्हणाला. दगड उचलायला दोन माणसं लागली. एक सर्व्हेअरचा माणूस, दुसरा दादा. त्यांनी दगड माटीच्या बुंध्याशी नेला, दादानं स्वतःच्या हातानं माती दाबली, आणि उतारावरची ती वाट परत त्याची झाली.

त्यानंतर सबंध पावसाळा मी तिकडे गेलो नाही. चतुर्थी झाली, कालव्याची वाट सुकली, तेव्हा गेलो. म्हटलं, वाटेवर आता कंबरभर रान माजलं असेल, बरंच झालं, बघायला तरी नको. वाट स्वच्छ होती. नुकतंच कोयत्यानं झोडपलेलं गवत कडेला पडलेलं होतं. मी पुढच्या रविवारी गेलो, तरी तशीच. खोड जात नाही, त्यामुळे मनात आलंच, ही वाट माझ्यासाठी कशावरून? गुरांना पाण्यावर न्यायला केली असेल. मग आठवलं, मोजणीच्या दिवशी गोठ्यात लाकडं रचलेली होती. दादाकडे आता गुरं नाहीत.

त्या दिवशी माटीच्या सावलीत दादा कोयत्याला धार लावत बसला होता. मी वर, तो खाली. शेवटी मी ओरडलोच, "दादा, हयसून येव काय?"

त्यानं मान वर केली. माझ्याकडे, मग सायकलकडे बघितलं.

"टेप घेवन इलंस?" तो म्हणाला.

"नाय," मी म्हणालो, आणि मला रडू आलं.

"मग ये," म्हणत तो उठला आणि सायकल धरायला दोन्ही हात वर केले.