ण बाणाचा

माकुणसारात कुणी म्हणालं की दिनानाथचा हात जरा पटकन उठतो, तर सुलूला हसू यायचं. जरा? बैलाला मारलं, गड्याला मारलं, नारळ धरत नाही म्हणून झाडावर कोयत्याचे घाव घातले. सुलू सफाळ्याहून त्याच्याशी लग्न होऊन आली आणि महिन्याच्या आत, भातात खडा लागला म्हणून त्याने तिला भिंतीवर आपटलं. पुढचा दात तिथेच पडला. तिने तो केरात लोटला आणि दुसरं ताट वाढलं. तेव्हाच्या बायका असंच करायच्या, वर त्याला शहाणपण म्हणायच्या. जळो ते शहाणपण!

स्वतःचा मार तिने गिळला. लेकाचा मात्र अजून घशात अडकून आहे.

मनीष पहिलीत गेला तेव्हा दिनानाथ स्वतः त्याला अक्षरं शिकवायला बसला. क पासून ढ पर्यंत सगळं सुरळीत गेलं, गाडी अडली ती णवर. इथल्या बोलण्यात ण नाहीच. पाण्याला पानी म्हणतात, कोण आहे विचारायचं तर कोन हाय. दिनानाथला लहानपणी मास्तरांनी याच अक्षरावरून बाकावर उभं करून वर्गाला हसवलं होतं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की ज्याला ण आला तो साहेब, नाही आला तो जन्माचा गावंढळ. मनीष पुन्हा पुन्हा "न बानाचा" म्हणत राहिला, आणि शेवटी कानाखाली अशी बसली की पोर ओटीवरून अंगणात कोसळलं. उजव्या कानातून रक्त आलं. सुलू तेव्हा विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होती. ती बांधत राहिली.

त्या कानाने मनीषला आजही ऐकू येत नाही. तारापूरच्या एका कारखान्यात तो पिंपं हलवतो. गेल्या वर्षी उजवीकडून भरलेली गाडी आली. लोक ओरडले, याला पत्ता नाही. पायाची दोन बोटं चिरडून गेली. इस्पितळात त्याच्या उशाशी बसून सुलू रडली आणि तिथेच तिने ठरवलं, की नातीच्या अंगाला त्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही. मग काय व्हायचं ते होवो.

नात म्हणजे मनीषची किंजल. यंदा ती पहिलीत. आईबाप दोघं तारापूरला कामाला, म्हणून शाळा सुटली की पोर आजीआजोबांकडे, आणि अभ्यास घ्यायला आबा. आबांच्या शेजारी चिंचेची फोक. "धाकाला हाय नुसती," असं तो म्हणायचा. सुलू मग तिथेच, हातभर अंतरावर, निवडणं-टिपणं घेऊन बसायची. तिचं लक्ष तांदळात कधीच नसायचं.

त्या संध्याकाळी णची पाळी आली.

"बोल, न बानाचा," दिनानाथ म्हणाला.

"न बानाचा," किंजल म्हणाली.

"न नाय गो, न! बानाचा न!"

पोरीने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "आबा, तुमीपन नच बोलता. शालेत बाई वेगला बोलतात."

सुलूला फस्सकन हसू फुटलं. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला! सगळ्या गावाला ठाऊक होतं की दिनानाथला ण येत नाही. पण त्याच्या तोंडावर ते बोलायची कुणाची छाती नव्हती. हिने सहज सांगून टाकलं.

दिनानाथचा चेहरा काळानिळा झाला. फोक वर गेली. सुलूने मध्ये हात घातला आणि वळ तिच्या दंडावर उठला. पण फोक आता तिच्या मुठीत होती, आणि एका हिसड्यात तिने ती ओढून घेतली.

"बोल," ती म्हणाली. नवऱ्याला ती जन्मात पहिल्यांदा अरेतुरे करत होती. "तूच बोल ते अक्षर."

"सुलू, डोकं फिरलं काय तुजं?"

"बोल!"

"बान," तो म्हणाला, आणि फटका बोटांवर बसला.

त्याचे गुडघे गेलेले, खाटेवरून झटकन उठताही येईना. तो पुन्हा "बान" म्हणाला. फटका खांद्यावर बसला. "हा माज्या लेकाच्या कानाचा. हा त्याच्या बोटांचा." तो तोंड झाकून घेत होता. झाकलं नाही तिथे ती मारत होती. ओठ फाटला, पांढऱ्या दाढीतून रक्त ओघळलं. आणि सुलूला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. हात थांबवावा असं मनातही येईना.

"बाण."

आवाज भिंतीकडून आला. किंजल कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, फ्रॉक ओला झालेला. तिचे डोळे फोकेवर खिळले होते.

"बाण, आजी. आला मला. बाण."

जीभ टाळूला नीट वळली होती. अक्षर स्वच्छ उमटलं होतं.

सुलूने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. फोक अजून त्याच हातात होती. पोर किंचाळली, धावत जाऊन आबांच्या पाठीमागे लपली, आणि तिथून थरथरत म्हणत राहिली, "बाण, बाण, बाण." एकदाही चुकली नाही.