पाण्याकडे पाठ करून बसणारे मामा

तळ्याकाठी आलेला माणूस पाण्याकडे तोंड करून बसतो. हे कुणाला शिकवावं लागत नाही. पनवेलच्या आमच्या तळ्याला नवा काठ बांधला तेव्हा फरशी आली, कठडे आले, दिवे आले आणि बिनपाठीची दगडी बाकं आली, तीही पाण्याच्या कडेनं, सरळ रांगेत. एकच माणूस रोज संध्याकाळी पाचला यायचा, पूर्वेच्या कोपऱ्यातल्या बाकावर पाय उलट्या बाजूला सोडायचा आणि पाण्याकडे पाठ करून बसायचा. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे ‘पाठमोरे मामा’ म्हणायचे.

असं का बसतात, याबद्दल काठावर बऱ्याच गोष्टी होत्या. पहारेकरी म्हणायचा, घरातलं कुणीतरी बुडालं असणार. रोज चार फेऱ्या मारणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू होत्या. त्यांचं मत, काहीतरी व्रत असावं. फिरायला येणारा एकजण म्हणायचा, तळ्याशी भांडलेत. मलाही राहवेना. एकदा धीर करून विचारलंच, “मामा, तुम्ही पाणी बघत नाही का?”

“पानी कालचंच हाय,” ते म्हणाले. “मानसं बघ, ती नवी हायेत.”

मला ते वाक्य एवढं आवडलं की मी ते वहीत लिहून घेतलं आणि आमच्या संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवलं. महिन्याभरानं मामांनी आपणहून सांगितलं, “अगं, मी पंचवीस वर्सं मिठागरात काढली. उन्हात नुसतं पांढरं बघून डोळं बिघडलं. चमकनारं पानी टोचतं. म्हनून फिरून बसतो.”

“मग ते माणसं नवी वगैरे?”

“ते मागून सुचलं. बसलोच हाय तर काय बघनार?”

मी त्या तळ्यावर कशी आले ते सांगते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आजोबांनी अंगठा लावला, बाबांनी चौथीत शाळा सोडली, आणि मी समाजकार्याची पदवी घेऊन आले. ही गोष्ट मी कुठंही सांगते आणि सांगताना लाजत नाही. काठ नवा झाल्यावर तिथं लोकांनी यावं, खेळावं, भेटावं यासाठी कार्यक्रम घडवण्याचं काम आमच्या संस्थेकडे आलं, आणि संस्थेनं ते माझ्याकडे दिलं. मुदत सहा महिने. पूर्वेचा कोपरा तेवढ्यात लोकांनी वापरता झाला तर सगळ्यांसाठी मोकळा राहणार. नाही झाला, तर तिथं कुंपण घालून तिकिटाची खेळणी उभी राहणार. सहा महिन्यांनी पाहणीला महापालिकेचे साहेब येणार होते, आणि ते बघतील त्यावर सगळं ठरणार होतं.

मी जोरात सुरुवात केली. रविवारी ध्वनिक्षेपक लावून झुंबा, पुढच्या रविवारी चित्रकला स्पर्धा, मग योगासनं. लोक आले, नाचले, फोटो काढले आणि अर्ध्या तासात गेले. सोमवारी कोपरा पुन्हा ओस. मामा हे सगळं उलटं बसून बघत होते. एका रविवारी त्यांनी मला हाक मारली.

“तू कुठली गं?”

“कामोठ्याची.”

“गावातली का शेक्टरातल्या बिल्डिंगीतली?”

“गावातली.”

“मंग अशी बातम्या दिल्यासारखी का बोलतेस?”

मला राग आला. कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या ‘हाय’ आणि ‘नाय’ला पोरी हसल्या होत्या. तेव्हापासून मी जीभ घासूनपुसून लख्ख केली होती. पण मामांना माझ्या रागाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता. “लोक येतात न जातात. बसत का नाय कोनी, कधी बघितलंस?”

बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच उलटी बसून बघायला लागले. पुस्तकात न सापडलेलं बरंच काही तिथं कळलं. लहान पोरांच्या आया कठड्याजवळ बसतच नाहीत. पोर आणि चपला दोन्ही एका नजरेत राहतील अशी जागा त्या शोधतात. म्हाताऱ्यांना पाठीला टेकू लागतो, म्हणून ते बाक सोडून झाडाच्या पाराला जातात. एका रांगेतल्या बाकांवर तिघीजणी आल्या तर मधलीचीच चंगळ, कडेच्या दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नाही. बंद पडलेल्या एका दिव्याखाली रोज एक जोडपं बसायचं. मी तक्रार लिहायला घेतली तर मामा म्हणाले, “तो दिवा ऱ्हाऊं दे. दोन मानसं तरी टिकून बसलीत.”

त्यांचं सगळ्यात जास्त लक्ष असायचं फाटकाबाहेर. डोंगराकडच्या पाड्यांवरून रानभाजी घेऊन येणाऱ्या कातकरी बाया पाट्या रिकाम्या झाल्यावर परतीच्या गाडीची वाट बघत पदपथाच्या कडेला, उन्हात बसायच्या. त्यांतल्या एकीला, सोमीला, मामांनी हाक मारली.

“गो, आत ये. हितं सावली हाय.”

“आमाला चालतं का?”

“फाटकावरची पाटी वाच की.”

“वाचता येत नाय.”

“मंग नाय चालत असं तुला कोनी सांगितलं?”

सोमीनं विचार केला. “कोनीच नाय,” ती म्हणाली आणि आत आली. बाकावर मात्र बसली नाही, खाली फरशीवर टेकली. मामाही बाकावरून उतरून तिच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे दुखत असताना.

मग त्यांनी मला युक्ती सांगितली. “तुझा भोंगा बंद कर. बायांना सांग, घरचं काम घेऊन या. रिकाम्या हाताचं मानूस लाजतं, लगेच उठतं. हातात काम असलं का बसतं.”

मला हे पटलं नाही. एवढं शिकून बायांना मेथी निवडायला बोलवू? पण मुदतीतले चार महिने संपले होते आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मंगळवारी पहिल्यांदा बसलो तेव्हा आम्ही पाचजणी होतो. माझी आई लसूण घेऊन आली होती, तीही मी गळ घातली म्हणून. पुढच्या मंगळवारी दुप्पट झाल्या. बँकवाल्या काकू आधी उभ्यानंच बघायच्या. एक दिवस फेऱ्या सोडून त्यांनी पिशवीतली गवार काढली आणि बसल्या.

जूनच्या सुरुवातीला सोमीच्या पाटीत शेवळं आली, पावसाच्या तोंडावर रानात उगवणारी भाजी. काकू म्हणाल्या, “नको गं बाई. मागच्या वर्षी केली होती. घशाला अशी खाज सुटली, दोन दिवस बोलता येईना.”

“काकडं घातली व्हती का?”

“काकडी? काकडी कशाला?”

“काकडी नाय ओ! काकडं. रानातलं आंबट फळ. ते घातल्याबिगर शेवळं चावतात.” सोमी हसून हसून आडवी झाली. “दोन दिस बोलल्या नाय? मंग घरात बरं वाटलं आसंल समद्यांना!”

काकू क्षणभर गोऱ्यामोऱ्या झाल्या. मला वाटलं, झालं, आता ह्या उठणार. त्या म्हणाल्या, “आमचे हे अजून ती भाजी मागतात. कशासाठी ते आज कळलं.” मग जो हशा पिकला त्यानं झाडाखालचे दोघे म्हातारे पार सोडून आमच्यात येऊन बसले. मामांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

पाहणी शुक्रवारी ठरली. मी मामांना तीन दिवस आधी सांगितलं, “साहेब येणार आहेत. सगळ्यांना सांगा.” मी एवढंच म्हणाले. आणखी काही सांगावं लागेल असं माझ्या मनातही आलं नाही.

शुक्रवारी पाच वाजता मी साहेबांना घेऊन पूर्वेच्या कोपऱ्यात आले आणि थिजले. फरशी धुतलेली. पाणी शिंपडलेलं. मधोमध मोठी रांगोळी. बाकावर नवीकोरी चादर, शेजारी स्टुलावर झाकलेला पाण्याचा तांब्या. आणि माणूस एकही नाही. सगळे रस्त्यापलीकडच्या पदपथावर, धुतलेल्या कपड्यांत, हात जोडून ओळीनं उभे. मधोमध मामा. त्यांनी मला लांबून हातानं खूण केली, सगळं व्यवस्थित आहे.

आमच्या गावांत मोठं माणूस दारी आलं की अंगण झाडतात, नवी चटई काढतात आणि घरचे लोक बाजूला उभे राहतात. पाहुण्यासमोर कुणी पसरून बसत नाही. मी ह्याच रीतीत वाढले होते आणि शिकता शिकता नेमकी तीच विसरले होते.

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. “जागा छान ठेवली आहे. पण इथं कुणी येत नाही का?”

“मामा, या की आत!” मी ओरडले.

“आधी सायबांचं होऊं दे!” पलीकडून मामा.

साहेबांनी फाटकाबाहेर भाजीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या सोमीला विचारलं, “बाई, तुम्ही इथं कधी येता का?”

“रोज येतो.”

“मग आज?”

“आज तुमी येनार ना,” सोमी म्हणाली. “म्हनून नाय आलो.”

साहेब रस्त्यापलीकडच्या ओळीकडे बघून मोठ्यानं हसले. “अहो मामा, मी जाईपर्यंत तुम्ही तिथंच उभे राहणार?”

“तर काय! तुमी पावनं.”

“पाहुण्याला एकट्याला बसवून ठेवतात का तुमच्यात?”

मामांनी रस्ता ओलांडला, मागून सगळे आले. पण बसेना कुणी. शेवटी सोमीच बसली, सकाळपासून तिचे पाय भरून आले होते. मग काकू बसल्या, मग बाकीचे. साहेब पाणी प्यायले, कुणाकुणाशी बोलले, “बघतो” म्हणाले आणि गेले.

‘बघतो’चा अर्थ मला ठाऊक होता. गाडी वळल्याबरोबर मी मामांवर तुटून पडले. “तुमाला कोनी सांगितलं व्हतं समद्यांना भायेर उभं करायला? मानसं दिसायला पायजे व्हती, मानसं! माझं सा महिनं पान्यात घातलंत!”

मामांनी टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला. “सायेब येनार म्हनालीस,” ते हळू म्हणाले. “मानसं दाखवायची ते नाय सांगितलंस.” आणि घराकडे चालायला लागले. कुणी त्यांना थांबवलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं कळलं, छातीत कफ झालाय, गव्हाणला दिलेली लेक सुमनताई त्यांना घेऊन गेलीय. मी रोज ठरवायचे, उद्या जाऊ. हातात काय घेऊन जाणार, हे कळत नव्हतं.

दोन महिन्यांनी कागद आला. पूर्वेचा कोपरा सर्व नागरिकांसाठी विनाशुल्क खुला राहील. खेळणी दुसरीकडे. मी तो कागद घेऊन तशीच गव्हाणला गेले. मामा ओटीवर खाटेला टेकून बसले होते, निम्मे झाले होते. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“मामा, त्या दिवशी मी ओरडले…”

“आपल्या बोलीत ओरडलीस. मला तवाच कळलं, पोरगी खरी रागावलीय.” ते हसले, हसताना खोकले. मग म्हणाले, “आज कोन कोन हाय तिथं?”

“काय माहीत. मी इकडं आले ना.”

“मंग कागद ठेव हितं आनि जा. वेळ झाली तिथली. कागद वाचून कोन बसतं? कोनी असलं म्हनून बसतात.”

सुमनताईनं चहा टाकला होता, तो पिऊ दिला नाही त्यांनी. अक्षरशः हाकललं मला. ती आमची शेवटची भेट. महिना उलटायच्या आत ते गेले.

त्यांच्या नावाची पाटी कोपऱ्यात लावावी असं सगळ्यांच्या मनात आलं. बँकवाल्या काकूंनी मजकूर लिहिला, सोमीनंसुद्धा “लावा, मोठी लावा” म्हटलं. फक्त पूर्ण नाव हवं होतं. ते विचारायला मी पुन्हा गव्हाणला गेले. सुमनताई ओटीवर सुकट निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“नको,” ती म्हणाली.

“का गं ताई? मोठं काम केलं त्यांनी.”

“म्हनूनच नको. पाटी लावली का कोनतरी हार घालील. हार घातला का लोक चपला काढतील, हात जोडतील न फुडं जातील. बसनार नाय कोनी.” तिनं सूप माझ्या बाजूला सरकवलं. “निवडशील का थोडी? चहा टाकते. त्या दिवशी ऱ्हायला तुझा.”

मी मजकुराचा कागद पर्समध्ये ठेवला आणि सूप पुढ्यात ओढलं.