ज्योतीराम बॅकचा पहिला गोल

चोवीस वर्षं फुटबॉल खेळून एकही गोल न मारलेला माणूस बघायचा असेल, तर परवापरवापर्यंत चाकणला, कारखान्याच्या पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमधल्या ज्योतीरामला भेटावं लागे. तसे त्याचे तीन गोल झाले होते, पण तिन्ही आपल्याच जाळ्यात, आणि ते कुणी हिशेबात धरत नाही.

मूळचा परळीकडचा. आयटीआय करून भोसरीच्या एका वर्कशॉपात लागला, तेव्हा तिथल्या संघाला एक गडी कमी होता. हा कबड्डीत मुरलेला. कप्तानाने त्याला मागे, गोल राखायला 'बॅक' म्हणून उभं केलं आणि सांगितलं, येईल त्याला आडवं जा. मग गडी वर्षानुवर्षं आडवाच जात राहिला. पुढे चाकणच्या कारखान्याने त्याला मागून घेतलं, तर वर्कशॉपने बदल्यात दोन नवे फुटबॉल वसूल केले. हे तो अजून छाती फुगवून सांगतो. एवढा भाव त्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाला आला नाही म्हणे!

आता गुडघे कुरकुरायला लागले होते. यंदाची आंतरकंपनी स्पर्धा झाली की बूट कुणाला तरी देऊन टाकीन, असा शब्द त्याने बायकोला, कौशल्याबाईंना दिला. त्याआधी एक गोल मात्र हवा होता. देवाकडे एवढ्या काकुळतीने त्याने मुलीच्या बारावीलासुद्धा काही मागितलं नव्हतं.

शेवटचा सामना गुरुवारी, कारखान्याच्या आठवडी सुट्टीच्या दिवशी होता. चार-शून्य असा मार खाऊन झाला होता, वाचवायला काही उरलं नव्हतं, म्हणून ज्योतीराम पुढे सरकला. चेंडू त्याच्या पायात आला आणि नेमका तेव्हाच शेजारच्या, गुरुवारीही चालू असणाऱ्या कंपनीचा पाळी सुटल्याचा साडेतीनचा भोंगा वाजला.

मैदानावरचे सगळे थांबले. अहो, जन्माची सवय! भोंगा झाला की हातपाय आपसूक ढिले पडतात. समोरचा गोलकीपर तर हातमोजे काढायला लागला. पण ज्योतीरामची उमर ओव्हरटाइममध्ये गेलेली. भोंगा वाजला की सुपरवायझर त्याच्याकडे बघायचा आणि तो पुन्हा मशीनला भिडायचा. भोंग्यासरशी त्याच्या अंगात बळ आलं. तो धावत सुटला. वाटेत कुणालाच चुकवावं लागलं नाही. चेंडू रमतगमत खांबाला घासून आत गेला.

"राव, भोंगा झाला होता," गोलकीपर म्हणाला.

पंच भीमराज, जवळच्याच गावचा निवृत्त फिटर. तो म्हणाला, "भोंगा कंपनीचा. शिट्टी माझी, आन् ती वाजली न्हाई."

गोल! गोल मारल्यावर काय करतात हे ज्योतीरामला ठाऊकच नव्हतं. त्याने मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, गोलकीपरलाच मिठी मारली, पाण्याच्या टँकरवाल्याचा मुका घेतला. पुढे आणखी एक गोल खाऊन संघ सामना पाच-एक असा हरला, तरी दोन्ही संघांनी त्याला खांद्यावर घेतलं. आनंदाने तो ढसाढसा रडला.

संध्याकाळी घरी त्याने गोलाची हकिगत तीनदा सांगितली. तिसऱ्या खेपेला तो अर्ध्या मैदानावरून मारलेला होता. कौशल्याबाईंनी तिन्ही वेळा कौतुकाने ऐकून घेतलं.

"देव पावला बघा," त्या म्हणाल्या. "मंग बूट कुणाला दिलेत?"

ज्योतीरामने बुटांची पिशवी हळूच पाठीमागे सरकवली.

"आगं, आत्ता कुठं मला जमायला लागलंय."