हार्टची डॉक्टर आणि शेणातले भुंगे

मी कळंब सोडलं त्या सकाळी मामाची इको दारात उभी होती. आईनं हातावर दही ठेवलं आणि तेवढ्यात शेजारचे गणपतकाका खिडकीशी आले. "सुमे, परदेशात कसली डॉक्टर व्हणार गं?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "हार्टची!" आणि त्यांनी गाडीचं दार धाडकन लावलं. पीएचडीची डॉक्टर वेगळी असते, हे सांगायला मला नेरळपर्यंत वेळ होता, पण सांगायचं कुणाला? गाडीत मामा एकटा, आणि तो मला आपलं बीपी सांगत होता.

आता माझी गंमत ऐका. लहानपणी अभ्यासाचा कंटाळा केला की आईचं एकच वाक्य असायचं, "शिकली नायस तर जन्मभर शेण काढशील." मी शिकले. बीएस्सी केलं, एमएस्सी केलं, स्वीडनची स्कॉलरशिप मिळवली आणि तिथं जाऊन शेण काढायला लागले. आई पाटीत भरते, मी पिशवीत भरून वर नंबर टाकते, एवढाच काय तो फरक. गुरांना दिलेलं जंताचं औषध शेणातून भुंग्यांच्या पोटात जातं. पिढ्यान् पिढ्या ते खाऊन भुंगे बदलतात का, हा माझा विषय. उणे दहा अंशात, दोन दोन हातमोजे घालून मी तिथल्या गाईंच्या मागे फिरायचे. गाईसुद्धा वळून बघायच्या.

आई फोनवर विचारायची, "आज काय केलंस गं?"

"सॅम्पल घेतले."

"रक्ताचे?"

"तसंच काहीतरी."

गणपतकाकांनी तर व्हॉट्सअॅपवर ईसीजीचा फोटो पाठवला. मी घाबरून लिहिलं, "काका, आजच्या आज कर्जतला डॉक्टरांना दाखवा." काका गावभर सांगत सुटले, मोठे डॉक्टर असेच असतात, उगाच गोळ्या देत नाहीत. अशी चार वर्षं गेली. बाहेर शिकायला गेलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल, एक थाप निभावायला किती मेहनत लागते.

तिथं पीएचडीची शेवटची परीक्षा जाहीर असते. कुणीही यावं, ऑनलाइन बघावं, शेवटी प्रश्नसुद्धा विचारावा. मी बाबांना लिंक पाठवली, म्हटलं, घरात बसून दोघं बघतील, इंग्रजी आहे, काय कळतंय! बाबांनी समाजमंदिरात पडदा लावला. बाहेर बॅनर, माझा बारावीतला फोटो आणि 'हृदयरोगतज्ज्ञ'. परीक्षा सुरू व्हायला पाच मिनिटं असताना मला हे कळलं. खरं सांगते, परीक्षकाचं भय केव्हाच पळालं. आज भर गावात बाबांची मान खाली जाणार, एवढंच डोक्यात होतं.

पहिली स्लाइड लागली. पडदाभर शेणाचा पो. मागच्या मे महिन्यात घरी आले होते, तेव्हा वासराचा फोटो काढते सांगून गोठ्यात टिपलेला. मी म्हटलं, "हे गाईचं शेण. काऊ."

आणि अख्ख्या सभागृहात आईचा आवाज घुमला. बाबांना म्यूट करायचं जमलं नव्हतं. "काऊ कुठली? आपल्या काळीचा पो हाय तो! गाय येवढा पसरट टाकती व्हय? म्हशीला म्हैस म्हण की गं!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परीक्षकांनी विचारलं, कोण बोललं? मी म्हटलं, माझी आई. काय म्हणाल्या? भाषांतर केलं. त्यांनी फोटो नीट पाहिला, हसले आणि म्हणाले, या बाईंना शेवटी प्रश्नांच्या वेळी जरूर बोलवा. बोलावलं. आईनं गाय, म्हैस, ओला चारा, सुका पेंढा, कशात भुंगे जास्त होतात, सगळं दहा मिनिटं सांगितलं. ते लिहून घेत होते. मी दुभाषी. पीएचडी मिळाली, फोटोखालचं नाव बदलायच्या अटीवर.

बाहेर येऊन आधी बाबांना फोन लावला आणि रडूच फुटलं. "बाबा, चुकलं माझं. गावात तुमची..."

"गावाचं सोड. गणपत तेवढा रुसलाय, आता ईसीजी कुनाला दाखवू म्हनतो." मग म्हणाले, "पन चार वर्षं तिकडं थंडीत एकटी खपलीस. घरात दोन मानसं जन्मभर त्याच शेणात हायत. एकदा तरी आमाला विचारायचं व्हतंस गं."

मला वाटत होतं, मी त्यांची लाज राखतेय. खरं म्हणजे लाज मला वाटत होती आणि मी ती त्यांच्या नावावर खपवत होते.

नोकरी आता इकडं स्वीडनलाच लागलीय. तुझं घर नेमकं कुठं, असं इथली माणसं विचारतात. दिवसभरात काय केलं ते जिथं जसंच्या तसं सांगता येतं, ते घर. ते कळंबला उघडंच होतं. मीच चार वर्षं बाहेर उभी राहिले.